पेनल्टी कॉर्नरला पुढे कोणी धावायचे? नागपुरातील मुलींच्या एका हॉकी मंडळाचे प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण दक्षिण नागपुरातील मुलींच्या एका हॉकी मंडळाचे आहे. हॉकीत बचाव करणाऱ्या संघाच्या गंभीर चुकीनंतर समोरच्या संघाला गोलजवळून हल्ल्याची जी संधी मिळते तिला पेनल्टी कॉर्नर म्हणतात. त्याचा बचाव करताना चेंडूच्या दिशेने कोणी धावावे आणि ते ठरवण्याचा अधिकार कोणाचा, या प्रश्नावरून नोव्हेंबर २०२४ ते सप्टेंबर २०२५ या काळात मंडळात जे घडले ते येथे क्रमाने मांडले आहे. मी शारीरिक शिक्षणाची अध्यापक आहे, मंडळाची सभासद नाही. एका मुलीला झालेल्या दुखापतीनंतर कार्यकारिणीने मला सर्व संबंधितांशी बोलून नोंद तयार करण्यास सांगितले. ती मुलगी आणि तिचे आईवडील यांच्या संमतीनेच हे लिहीत आहे. नावे दिलेली नाहीत आणि ओळख पटेल असे तपशील गाळले किंवा बदलले आहेत.

मंडळाकडे अजनी, मानेवाडा, हुडकेश्वर या भागांतून मुली सायकलने येतात. सराव पहाटे होतो, कारण बहुतेकींची शाळा सकाळीच असते आणि एप्रिल-मे महिन्यांत सात वाजल्यानंतर मैदानावर उभे राहणेही कठीण होते. प्रशिक्षक स्वतः एके काळी चांगले बचावपटू होते. ते मानधन न घेता शिकवतात. संघाचे व्यवस्थापन एक माजी खेळाडू पाहतात, त्यांना सगळ्या मुली ‘ताई’ म्हणतात.

मैदान मुरमाचे आहे, आणि या प्रकरणाचे मूळ बऱ्याच अंशी त्या मुरमात आहे. मुरमावर चेंडू सरळ जात नाही. खड्याला लागून उडतो, वळतो, मध्येच मंदावतो. पेनल्टी कॉर्नरला गोलरेषेवरून आत ढकललेला चेंडू ‘डी’च्या, म्हणजे गोलसमोरच्या अर्धवर्तुळाच्या, टोकाला उभ्या असलेल्या खेळाडूला एका झटक्यात थांबवता येत नाही, त्यामुळे ड्रॅग फ्लिक, म्हणजे चेंडू स्टिकने ओढत नेऊन झटक्यात गोलकडे फेकण्याचा फटका, नीट बसत नाही आणि फटका मारेपर्यंत दोन-तीन सेकंद सहज जातात. कृत्रिम हिरवळीवर, म्हणजे मुली ज्याला टर्फ म्हणतात त्यावर, हीच सगळी क्रिया डोळ्याचे पाते लवते न लवते तोच उरकते. मुरमावर वाढलेल्या मुलीच्या डोळ्यांना आणि पायांना ज्या वेगाची सवय असते, तो टर्फवरचा वेग नसतो.

पेनल्टी कॉर्नरचा नियमही थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. बचाव करणाऱ्या संघाच्या गोलरक्षकासह जास्तीत जास्त पाच खेळाडू गोलरेषेच्या मागे उभ्या राहतात, उरलेल्या मध्यरेषेपलीकडे जातात. चेंडू एकदा ‘डी’च्या बाहेर गेल्याशिवाय गोलवर फटका मारता येत नाही. पहिला फटका ‘हिट’, म्हणजे स्टिक फिरवून मारलेला, असेल तर गोलरेषा ओलांडताना चेंडू ४६० मिलिमीटरपेक्षा उंच असून चालत नाही. फ्लिक किंवा स्कूप (स्टिकने ढकलून वा उचलून फेकलेला चेंडू) मात्र धोकादायक नसेल तर कितीही उंच जाऊ शकतो. ‘डी’ची त्रिज्या १४.६३ मीटर आहे. चेंडू आत ढकलला गेला की बचाव करणाऱ्यांपैकी एक किंवा दोघी त्या टोकाच्या दिशेने सुसाट धावतात आणि फटक्याची वाट अडवतात. त्यांना रशर म्हणतात. १५६ ते १६३ ग्रॅम वजनाचा टणक चेंडू समोरून येत असताना त्याच दिशेने धावत जाण्याचे हे काम आहे, आणि खेळातील सर्वांत धोक्याच्या जागांपैकी ही एक आहे.

राजगीरची स्पर्धा आणि मैदानावरचे अनुकरण

महिलांची आशियाई चॅम्पियन्स करंडक स्पर्धा ११ ते २० नोव्हेंबर २०२४ या काळात बिहारमधील राजगीर येथे झाली. भारत, चीन, जपान, दक्षिण कोरिया, मलेशिया आणि थायलंड असे सहा संघ होते. चीनचा संघ त्याच वर्षी पॅरिस ऑलिंपिकमध्ये रौप्यपदक जिंकून आला होता. भारताच्या महिला त्या ऑलिंपिकसाठी पात्रच ठरल्या नव्हत्या. अंतिम सामन्यात हेच दोन संघ समोरासमोर आले. पहिल्या अर्ध्यात एकही गोल झाला नाही. ३१व्या मिनिटाला पेनल्टी कॉर्नरवर दीपिकाने गोल केला आणि सलीमा टेटेच्या नेतृत्वाखाली भारताने १-० असा विजय मिळवला.

हा सामना मंडळाच्या मुलींनी ताईंच्या घरी टीव्हीवर एकत्र पाहिला. त्या संध्याकाळचा आनंद मुलींच्या बोलण्यात अजून आहे आणि तो योग्यच आहे. आपल्यासारख्या घरांतून आलेल्या मुलींना ऑलिंपिकमधल्या रौप्यविजेत्यांना हरवताना पाहणे ही छोटी गोष्ट नव्हे. दुसऱ्या दिवशी सरावात मात्र कोणी दीपिकाचा फटका मारून पाहिला नाही. मुरमावर तो मारता येतच नव्हता. मुलींनी उचलले ते रशरचे धावणे, कारण त्याला टर्फ लागत नाही, महागडी स्टिक लागत नाही, फक्त पाय आणि धीर लागतो.

त्यांतली एक मुलगी, तेव्हा पंधरा वर्षांची आणि नववीत शिकणारी, या कामात विलक्षण चपळ निघाली. चेंडू आत येताच ती झेप घेतल्यासारखी निघे आणि समोरच्या मुलीने चेंडू थांबवेपर्यंत तिच्यापाशी पोचलेली असे. डिसेंबरमध्ये मुरमाच्या मैदानांवर झालेल्या शालेय आणि निमंत्रित सामन्यांत तिने बहुतेक पेनल्टी कॉर्नर फटका बसण्याआधीच निकालात काढले. प्रतिस्पर्धी संघांच्या पालकांनीही टाळ्या वाजवल्या. प्रशिक्षक मला म्हणाले, “तिला शिकवायला काही उरलंच नव्हतं.”

हा पहिला निर्णयबिंदू होता, आणि तो निर्णय म्हणून कोणाच्या लक्षात आला नाही. मुलीने रशर व्हायचे असे कोणी ठरवले नव्हते. ती धावली, यश मिळाले आणि ती जागा तिची झाली. टीव्हीवर दिसलेल्या खेळाडूंच्या चेहऱ्यावर जाळीचे मास्क होते, हातात जाड मोजे होते, गुडघ्यांना पॅड होते. आंतरराष्ट्रीय सामन्यात पेनल्टी कॉर्नरसाठी घड्याळ ४० सेकंद थांबते आणि तेवढ्या वेळात गोलमागे ठेवलेले हे साहित्य चढवले जाते. कॅमेरा तेव्हा बहुधा आधीच्या प्रसंगाचे पुनर्दर्शन दाखवत असतो. मुलींना धावणे दिसले, त्यामागची तयारी दिसली नाही.

शिवाय मुरमावरच्या यशाने एक चुकीची गोष्ट पक्की केली. ती सरळ चेंडूच्या रेषेत धावत होती. जाणकार रशर आपले शरीर फटक्याच्या रेषेबाहेर ठेवते, स्टिक खाली आणि पुढे रेषेत ठेवते आणि गोलरक्षकाला चेंडू दिसेल इतकी वाट मोकळी सोडते. ही मुलगी चेंडू सुटण्याआधीच पोचत असल्यामुळे शरीर कुठे आहे याला महत्त्वच उरले नव्हते. मैदान खराब होते म्हणून तिची पद्धत चालत होती, हे कोणाच्या ध्यानात आले नाही.

दुखापत

जानेवारी २०२५ मध्ये संघ बाहेरगावी एका निमंत्रित स्पर्धेसाठी गेला. मैदान टर्फचे होते आणि त्यावर नुकतेच पाणी मारलेले होते. संघातील निम्म्याहून अधिक मुली अशा मैदानावर पहिल्यांदाच सामना खेळत होत्या. आदल्या दिवशी सरावाला मिळालेला वेळ पास देण्यात आणि बुटांची पकड तपासण्यात गेला. पेनल्टी कॉर्नरचा बचाव करून पाहिला गेला नाही.

दुसऱ्या सत्रात प्रतिस्पर्धी संघाला पहिला पेनल्टी कॉर्नर मिळाला. नेहमीप्रमाणे ती धावली. चेंडू सपाट आणि झपाट्याने आला, एका स्पर्शात थांबला आणि लगेच फ्लिक झाला. ती तेव्हा अर्ध्या वाटेच्या थोडी पुढे होती. तिने स्टिक पुढे केली, चेंडू स्टिकच्या कडेला लागून वर उडाला आणि तोंडावर बसला. वरचा ओठ फाटला, पुढचा एक दात मुळासकट बाहेर आला आणि शेजारच्या दाताचा तुकडा उडाला. तोंडात माऊथ गार्ड, म्हणजे दातांवर बसवायचे संरक्षक कवच, नव्हता.

ताई धावत आत गेल्या. रक्त थांबवण्यासाठी स्वच्छ कापड दाबून धरणे, मुलीला पुढे झुकवून बसवणे, शुद्धीवर आहे ना, नाव-गाव नीट सांगते ना, मळमळते का, हे पाहणे त्यांनी नेमकेपणाने केले. एका मुलीने टर्फवरून दात शोधून काढला. तो कागदी रुमालात गुंडाळून ताईंच्या पर्समध्ये ठेवण्यात आला. रिक्षा मिळवून, एक बंद दवाखाना पाहून दुसऱ्या दंतवैद्यांकडे पोचेपर्यंत तासाहून अधिक वेळ गेला. दात कोरडा पडला होता. दंतवैद्यांनी प्रयत्न केला, पण पुढे काही आठवड्यांत तो दात काढून टाकावा लागला.

येथे एक माहिती सविस्तर देणे मला आवश्यक वाटते, कारण ती आपल्याकडच्या फारच थोड्या मैदानांवर ठाऊक आहे. कायमचा दात मुळासकट बाहेर आला तर तो वरच्या, चावण्याच्या भागाला धरून उचलावा, मुळाला हात लावू नये आणि ते खरवडू किंवा घासू नये. माती लागली असल्यास स्वच्छ पाण्यात क्षणभर धुवावा. जखमी व्यक्ती पूर्ण शुद्धीत असेल तर तो लगेच त्याच जागी बसवून स्वच्छ रुमाल चावून धरता येतो. ते शक्य नसेल तर दात दुधात ठेवावा. अर्ध्या तासात, फार तर तासाभरात दंतवैद्यांकडे पोचल्यास तो रुजण्याची आशा चांगली असते. मुळावरच्या पेशी कोरड्या पडल्या की ती आशा झपाट्याने कमी होते. त्या मैदानाच्या फाटकासमोरच चहाची टपरी होती आणि तिथे दूध होते.

सामना त्या दिवशी पुढे चालू राहिला. मुलीच्या वडिलांनी नंतर पंचांना दोष दिला, पण नियमांनुसार पंचांचा निर्णय चुकीचा म्हणता येत नाही. पेनल्टी कॉर्नरच्या पहिल्या फटक्याच्या वेळी पाच मीटरच्या आत नेहमीच्या पवित्र्यात उभ्या असलेल्या बचावपटूला गुडघ्यावर किंवा त्याहून वर चेंडू लागला तर फटका धोकादायक ठरतो आणि बचाव करणाऱ्या संघाला फ्री हिट मिळते. येथे चेंडू तिच्या स्वतःच्या स्टिकवरून उडाला होता. स्टिकने चेंडू खेळण्याचा प्रयत्न न करता फटक्याच्या रेषेत धावत गेलेली बचावपटू तर स्वतःच दंडास पात्र ठरते.

मंडळापुढील प्रश्न

ओठाचे टाके निघाले, ती तीन आठवड्यांत मैदानावर परतली आणि पहिल्याच दिवशी तिने सरांना सांगितले, “सर, मी पुढंच धावणार.” आई तिच्या बाजूने होती. वडिलांचा विरोध होता, पण तो खेळाला नव्हता. ते मला म्हणाले, “पोरीले खेळू द्या, मी कधी नाही म्हनलं? पण ते जागेवर तिले उभं कोन केलं, ते कोनी सांगत नाही मले.” संपूर्ण चौकशीत मी ऐकलेला हा सर्वांत नेमका प्रश्न होता.

नातेवाइकांत आणि मंडळाच्या काही सदस्यांतही मुलीच्या चेहऱ्यावरच्या व्रणाची आणि पुढे होणाऱ्या लग्नाची चर्चा झाली. ती चिंता खोटी होती असे मी म्हणणार नाही. पण तिच्यामुळे खरा धोका बाजूला पडला. चेंडू तीन बोटे वर लागला असता तर डोळा गेला असता, कानशिलाला लागला असता तर मेंदूला इजा झाली असती. त्याविषयी मी विचारल्याखेरीज कोणी बोलले नाही.

कार्यकारिणीपुढे दोन प्रश्न एकात मिसळले होते: या मुलीला पुन्हा रशर म्हणून खेळू द्यावे का, आणि मंडळाने मुळात रशर ठेवावी का. पहिल्या बैठकीत दोन तास पहिल्याच प्रश्नावर गेले, कारण मुलगी आणि तिचे वडील दोघेही बाहेर बसले होते. दुसऱ्या बैठकीत प्रश्न वेगळे काढल्यावरच चर्चा पुढे सरकली.

विचारात घेतलेले पर्याय

कोणीही पुढे धावायचे नाही, सगळ्यांनी गोलरेषेजवळ राहायचे, हा पर्याय खजिनदारांनी मांडला. तो सोपा आणि बिनखर्चाचा होता. प्रशिक्षकांचा आक्षेप असा की त्यामुळे समोरच्या खेळाडूला हवा तितका वेळ मिळतो आणि मोकळ्या फ्लिकसमोर गोलपोस्टजवळ उभ्या असलेल्या मुलींनाही तोंडावर चेंडू लागू शकतो. धोका नाहीसा होत नाही, एकीकडून दुसरीकडे सरकतो. हा आक्षेप बरोबर होता. पेनल्टी कॉर्नर रोखता येणे किती मोलाचे असते हे दाखवताना त्यांनी टोकियो ऑलिंपिकचे उदाहरण दिले: २ ऑगस्ट २०२१ रोजी उपांत्यपूर्व सामन्यात ऑस्ट्रेलियाला सात पेनल्टी कॉर्नर मिळूनही भारताने एकही गोल होऊ दिला नाही आणि गुरजित कौरच्या एका पेनल्टी कॉर्नरवरील गोलाने सामना १-० असा जिंकला. उदाहरण खरे आहे. पण त्या खेळाडूंना टर्फवरच्या सरावाची अनेक वर्षे मिळालेली होती.

संरक्षक साहित्य घेऊन आहे तसेच चालू ठेवणे हा दुसरा पर्याय. एका सदस्याने क्रिकेटची हेल्मेट वापरण्याचे सुचवले, कारण नागपुरात ती कुठेही मिळतात आणि दोन तर मंडळातल्या मुलींच्या भावांकडेच होती. हॉकीच्या नियमांत मैदानी खेळाडूने घालायचा मास्क चेहऱ्याला घट्ट बसणारा आणि गुळगुळीत असावा लागतो; पुढे टोक असलेले हेल्मेट त्यात बसत नाही, शिवाय त्याची जाळी क्रिकेटच्या चेंडूसाठी बनवलेली असते. ही सूचना मागे घेण्यात आली. चांगल्या मास्कची किंमत पाहिल्यावर खजिनदार गप्प झाले, पण चार मास्क हा मंडळाला न पेलणारा खर्च नव्हता. मुलींचाही एक आक्षेप होता: मास्कमधून चेंडू नीट दिसत नाही आणि श्वास कोंडतो. हा सवयीचा प्रश्न आहे, पण सामन्याच्या दिवशी पहिल्यांदा मास्क घातला तर तो आक्षेप शंभर टक्के खरा ठरतो.

तिसरा पर्याय बचावाची रचनाच बदलण्याचा होता. एक रशर पुढे आणि तिघी मागे, किंवा दोघी पुढे आणि दोघी मागे, अशा दोन्ही रचना प्रचलित आहेत. प्रशिक्षकांनी सुचवले की रशरने टोकापर्यंत न जाता कोनातून धावून फटक्याची एक बाजू बंद करावी, दुसरी बाजू गोलरक्षकाने सांभाळावी. यात रशरचे शरीर रेषेबाहेर राहते. गोल होण्याची शक्यता थोडी वाढते, हे त्यांनी स्वतःच सांगितले. माझ्या मते या बैठकीतले हे सर्वांत मोलाचे बोलणे होते. हरण्याची शक्यता वाढेल असे प्रशिक्षक उघडपणे म्हणाले, म्हणून पुढची चर्चा प्रामाणिक झाली.

टर्फवरच्या स्पर्धांना वर्षभर जाऊच नये, असाही एक विचार पुढे आला. मुलींनी तो एकमुखाने नाकारला आणि त्यावर फार वेळ गेला नाही.

निर्णय आणि अंमलबजावणी

निर्णयाआधी ताईंनी एक गोष्ट केली. पेनल्टी कॉर्नरच्या बचावाचा सराव करणाऱ्या सहा मुलींना त्यांनी सारख्या चिठ्ठ्या दिल्या आणि नाव न लिहिता ‘पुढे धावायची इच्छा आहे’, ‘मास्क असेल तरच आहे’ किंवा ‘नाही’ यांपैकी एक लिहायला सांगितले. एकीने ‘आहे’ लिहिले, तिघींनी ‘मास्क असेल तरच’ आणि दोघींनी ‘नाही’. त्या दोघींपैकी एक पूर्ण हंगामभर दुसरी रशर म्हणून धावलेली होती. तिने नंतर ताईंना स्वतःहून सांगितले की प्रत्येक वेळी पोटात गोळा येत असे, पण “नाही म्हटलं तर टीममधून काढतील” असे वाटत होते. तसे तिला कोणी कधी म्हटले नव्हते. पण तसे होणार नाही, असेही कोणी म्हटले नव्हते.

कार्यकारिणीने तिसरा पर्याय दुसऱ्याच्या साहित्यासह स्वीकारला आणि तो लेखी नोंदवला. रशरची जागा स्वेच्छेची राहील. ती नाकारल्याने संघातील स्थान जाणार नाही. मास्क, माऊथ गार्ड, डाव्या हाताचा मोजा आणि गुडघ्याचे पॅड यांशिवाय कोणी धावणार नाही, आणि हे पाहण्याची जबाबदारी प्रशिक्षकांची नसून ताईंची असेल. सामन्यात गोल वाचवण्याचा ताण ज्याच्यावर आहे त्याच्याकडे हा निर्णय ठेवू नये, यावर मी आग्रह धरला होता. प्रशिक्षकांना ते सुरुवातीला अविश्वासासारखे वाटले. दोन दिवसांनी त्यांनी स्वतः फोन करून होकार कळवला. नव्या मैदानावर आदल्या दिवशी पेनल्टी कॉर्नरचा सराव झालेला नसेल तर पहिल्या सामन्यात रशर पाठवायची नाही, असेही ठरले.

उन्हाळी शिबिरात सराव नव्याने सुरू झाला. पहिले काही आठवडे टेनिसच्या चेंडूवर धावण्याची रेषा पक्की करून घेतली. मुरमावर चुन्याची एक तिरकी रेघ आखली आणि मुलींनी तिच्या उजवीकडे पाय टाकायचा नाही असा नियम केला. मास्क घालण्याचा वेगळा सराव झाला. गोलमागे जाळीच्या पिशवीत चार मास्क ठेवायचे आणि शिट्टी वाजल्यापासून चाळीस आकडे मोजेपर्यंत चौघींनी तयार व्हायचे. वेण्यांमुळे पट्टा बसत नाही हे पहिल्याच दिवशी लक्षात आले, मग वेण्या खाली बांधायचे ठरले. चेंडू अडवल्यावर मास्क घालून आपल्या गोलरेषेपासूनच्या २३ मीटरच्या पट्ट्याबाहेर खेळत जाता येत नाही, हा नियमही मुलींना त्याच वेळी कळला. माऊथ गार्ड गरम पाण्यात मऊ करून दातांवर दाबून बसवायचे असतात; ते काम ताईंच्या स्वयंपाकघरात एका रविवारी झाले. प्रथमोपचाराच्या पेटीत दुधाचे लहान टेट्रापॅक आले आणि प्रत्येक बाहेरगावच्या दौऱ्याआधी तिथल्या दंतवैद्यांचा फोन क्रमांक शोधून ठेवण्याची नोंद यादीत पडली.

जखमी मुलीबाबतचा निर्णय वेगळा घेतला गेला. वाढीचे वय असल्यामुळे जबड्यात कायमचा कृत्रिम दात बसवण्यास दंतवैद्यांनी अजून काही वर्षे थांबायला सांगितले आहे. तोपर्यंत काढघालीचा दात आहे. खेळताना तो तोंडात ठेवणे धोक्याचे असते. त्यामुळे सामन्याआधी तो काढून डबीत ठेवायचा आणि मग माऊथ गार्ड घालायचा, असे ठरले. वडिलांना एका पहाटेच्या सरावाला बोलावले, नवी रेषा दाखवली आणि लेखी निर्णय वाचून दाखवला. त्यांनी त्यावर सही केली.

परिणाम

१४ सप्टेंबर २०२५ रोजी चीनमधील हांगचौ येथे महिलांच्या आशिया चषकाचा अंतिम सामना झाला. भारताने पहिल्याच मिनिटाला पेनल्टी कॉर्नरवर नवनीत कौरच्या गोलाने आघाडी घेतली, पण चीनने सामना ४-१ असा जिंकला. या वेळी मुलींनी सामना पाहताना प्रत्येक पेनल्टी कॉर्नरला रशर कोठून निघते, कोणत्या बाजूने जाते आणि गोलरक्षक कोणती बाजू धरते, हे वहीत टिपले. दोन्ही संघांच्या गोलांविषयी त्यांनी केलेले विश्लेषण अनेक मोठ्यांच्या चर्चेपेक्षा सरस होते, असे मी मनापासून म्हणते.

त्याच महिन्यात संघ टर्फवर पुन्हा खेळला. प्रतिस्पर्ध्यांना चार पेनल्टी कॉर्नर मिळाले. तीन रोखले गेले, चौथ्यावर मोकळ्या सोडलेल्या बाजूने गोल झाला आणि संघ त्याच गोलाने हरला. ती मुलगी चारही वेळा धावली. जुन्या पद्धतीने ती धावली असती तर चौथा रोखला गेला असता का, यावर प्रशिक्षक आणि ती यांचे अजूनही एकमत नाही. परतीच्या रेल्वे प्रवासात काही मुली रडल्या आणि एका पालकाने मास्कच्या खर्चावर बोट ठेवले. कार्यकारिणीने निर्णय बदलला नाही.

‘नाही’ लिहिणाऱ्या दोघी संघात आहेत. हंगामभर भीत भीत धावलेली मुलगी आता मध्यरक्षक म्हणून खेळते आणि तिचा खेळ पूर्वीपेक्षा मोकळा झाला आहे, असे ताई सांगतात.

वेगळे काय करता आले असते

डिसेंबरमधील यशाच्या वेळीच एक प्रश्न विचारला जायला हवा होता: ही पद्धत आपल्या मैदानावर चालते, ती टर्फवर चालेल का? प्रशिक्षकांना दोन्ही मैदानांचा अनुभव होता. त्यांना हे सुचले नाही याचे कारण निष्काळजीपणा नव्हते. जिंकत असलेल्या संघात कोणी काही तपासत नाही, हे होते. म्हणून हे तपासण्याचे काम जिंकण्या-हरण्याशी थेट संबंध नसलेल्या व्यक्तीकडे द्यावे, असे मी प्रत्येक मंडळाला सुचवेन. माऊथ गार्डचा खर्च काही शे रुपयांचा असतो आणि तो पहिल्या दिवसापासून सर्वांना द्यायला हवा होता. त्यासाठी दुखापतीची वाट पाहण्याचे कोणतेही कारण मला सापडले नाही.

चिठ्ठ्यांची कल्पना उत्तम होती, पण ती फार उशिरा आली. शिवाय सहाच मुलींत कोणी काय लिहिले हे ओळखणे कठीण नसते. दर हंगामाच्या सुरुवातीला संपूर्ण संघाकडून अशा चिठ्ठ्या घेतल्या तर कोणा एकीकडे बोट जाणार नाही. पालकांना निर्णयात सामील करून घेणेही दुखापतीनंतर झाले. वडिलांच्या ‘कोनी उभं केलं’ या प्रश्नाला आज लेखी उत्तर आहे. जानेवारीत ते कोणाकडेच नव्हते.

चौदा वर्षांखालील मुलींच्या बाबतीत मंडळाने आता रशर ठेवायचीच नाही असे ठरवले आहे, आणि त्यांचा सराव फक्त हलक्या चेंडूवर होतो. एक अडचण मात्र शिल्लक आहे. स्थानिक स्पर्धांत पेनल्टी कॉर्नरच्या वेळी घड्याळ अनेकदा थांबत नाही आणि मास्क चढवायला वेळ मिळत नाही. मंडळाने आयोजकांना चाळीस सेकंदांची विनंती करणारे पत्र प्रत्येक स्पर्धेआधी पाठवायला सुरुवात केली आहे. काहींनी ती मान्य केली, काहींनी वेळापत्रक बिघडेल म्हणून नाकारली. जिथे नकार येतो तिथे मंडळाच्या चौघी बचावपटू गोलरेषेजवळच राहतात आणि हे सामना सुरू होण्याआधी ताई पंचांना व प्रतिस्पर्धी संघाच्या व्यवस्थापकांना सांगतात.